सूर्याचे फोटो: फिल्टर कुठला, दुर्बीण कुठली आणि आधी काय घ्यावं?

तेजोमेघ (पुणे)

सूर्याचे फोटो टाकले की व्यनिमध्ये हमखास एकच प्रश्न येतो: "पैसे साठवलेत, थेट एच-अल्फा दुर्बीण घेऊ का?" (एच-अल्फा दुर्बीण म्हणजे सूर्याचा फक्त एका लाल रेषेतला प्रकाश दाखवणारी महागडी दुर्बीण.) प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच नीट लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

माझं मत: घ्या, पण त्याआधी एक अख्खा हिवाळा पांढऱ्या प्रकाशात, म्हणजे सगळेच रंग मंद करणाऱ्या साध्या फिल्टरवर, काढा.

रात्रीचे फोटो काढणाऱ्यांचा निम्मा जीव अंधारं आकाश शोधण्यात जातो. सूर्याला ते काहीच लागत नाही. भर शहरातली गच्ची चालते, पूर्वेची बाल्कनी चालते. प्रकाश तर इतका की तो लाख पटींनी कमी करावा लागतो. अडतं ते हवेपाशी. ऊन वर आलं की स्लॅब तापतो, तापलेली हवा दुर्बिणीसमोरून वर चढते आणि लॅपटॉपवर सूर्याची कड उतू जाणाऱ्या दुधासारखी हलायला लागते. या हवेचा अंदाज येणं हाच या छंदाचा मोठा भाग आहे, आणि तो अभ्यास स्वस्तातल्या फिल्टरवरही तितकाच होतो.

पांढऱ्या प्रकाशासाठी बाडरची अ‍ॅस्ट्रोसोलर फिल्म सगळ्यात सोपी. ती दोन प्रकारांत मिळते आणि इथे घोळ झाला तर डोळ्यावर बेततं. घनता म्हणजे फिल्म प्रकाश किती अडवते त्याचा आकडा. घनता ५ असलेली फिल्म लाखातला एकच भाग प्रकाश आत सोडते. डोळ्याने बघायचं असेल तर हीच. ३.८ घनतेची फिल्म तिच्या साधारण सोळापट प्रकाश सोडते. ती फक्त कॅमेऱ्यासाठी, तिच्यातून डोळा लावायचा नाही म्हणजे नाही.

फिल्म जाड पुठ्ठ्याच्या दोन कड्यांमध्ये दुहेरी चिकटपट्टीने बसवायची. ताणायची नाही. थोड्या सुरकुत्या राहिल्या तरी चित्र बिघडत नाही, ताणली की मात्र बिघडतं. टोपी दुर्बिणीच्या तोंडावर घट्ट बसली पाहिजे, आणि वरून तीन-चार जागी चिकटपट्टी, कारण वारा. दर वेळी लावण्याआधी फिल्म बल्बसमोर धरून बघायची. टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तरी ती फिल्म बाद. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) काढून ठेवायचा. सूर्य शोधायला सावली पुरते: नळीची सावली लहानात लहान झाली की नेम लागला. आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) आटे फिरवून बसवायचे जुने काळे सूर्यफिल्टर कुणाकडे असतील तर ते फेकून द्या. जिथे उष्णता एकवटते त्याच जागी ते बसतात आणि तडकतात. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा झाल्याचं उशिरा समजतं.

एवढ्यावर दिसतं काय? डागाचा काळा गाभा आणि भोवतीची करडी, तंतुमय झालर. कडेकडे मंद होत जाणारं बिंब, आणि त्या कडेजवळ उजळ, विस्कटलेले पट्टे. ८० मिमीच्या वरची दुर्बीण आणि चांगली सकाळ जुळून आली तर अख्ख्या पृष्ठभागावर बारीक कणिका. एकेक कणिका सुमारे १००० किमीची, म्हणजे आपल्याला जेमतेम १.४ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), आणि आठ-दहा मिनिटांत ती विरून तिच्या जागी दुसरी येते. पहिल्यांदा कणिका पकडल्या त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना गच्चीवर बोलावलं होतं.

एच-अल्फा म्हणजे हायड्रोजनची ६५६.२८ नॅनोमीटरवरची लाल रेषा. तिच्यात प्रकाशगोलाच्या (एरवी दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या) वरचा थर, वर्णावरण, दिसतो: कडेवर उसळलेल्या ज्वाला, आणि बिंबावर काळे तंतू. तंतू म्हणजे त्याच ज्वाला, वरून पाहिलेल्या. यासाठी एक अँगस्ट्रॉमपेक्षा अरुंद पट्टा निवडावा लागतो आणि तो निवडणारं एटलॉन महाग असतं. एक धोक्याची सूचना इथेच देतो. तेजोमेघांच्या (आकाशातल्या वायूच्या ढगांच्या) फोटोंसाठी जे एच-अल्फा फिल्टर मिळतात ते ७ नॅनोमीटर वगैरे रुंदीचे असतात, म्हणजे ७० अँगस्ट्रॉम. नाव तेच असलं तरी ते सूर्यासाठी नाहीत.

भरती_ओहोटी (देवगड)

वाचनखूण साठवली. माझ्याकडे १०२ मिमीची मॅकसुटॉव्ह (आरसे असलेली दुर्बीण) आहे. फिल्मपेक्षा हर्शेल वेजने चित्र जास्त खणखणीत येतं असं ऐकलंय. मॅकला लावली तर चालेल का?

आणि सूर्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या विजयदुर्गाचं नाव यायलाच हवं. किल्ल्यावर साहेबाचे ओटे आहेत. १८६८ च्या ग्रहणात लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने तिथूनच हेलियम शोधला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

दुर्बीणवाला (नाशिक)

मॅकला वेज अजिबात नको! न्यूटोनियनला नको, श्मिट-कॅसेग्रेनलाही नको. वेज दुर्बिणीच्या मागच्या टोकाला बसते, म्हणजे समोरून सगळं ऊन विनाफिल्टर आत येतं. आरशांच्या दुर्बिणीत ते ऊन आधी दुय्यम आरशावर एकवटतं आणि तिथे काहीही जळू, वितळू, तडकू शकतं. वेज फक्त भिंगाच्या दुर्बिणीला. मॅकला तोंडावरची फिल्मच योग्य.

भिंगाची दुर्बीण असेल तर मात्र वेजला तोड नाही. पाचरीच्या आकाराच्या काचेवरून जेमतेम ५ टक्के प्रकाश परावर्तित होऊन तुमच्याकडे येतो, उरलेला मागे सोडून दिला जातो. त्या ५ टक्क्यांवरही घनता ३ चा फिल्टर लागतोच, तो काढून कधीही बघायचं नाही. मागचा भाग चांगला तापतो, मुलांचे हात लांब ठेवा. पुढे ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा फिल्टर लावला की साध्या अ‍ॅक्रोमॅटचा (दोन भिंगांच्या स्वस्त दुर्बिणीचा) जांभळा पिसाराही जातो आणि कणिका उठून दिसतात.

मृगशीर्ष (पुणे)

@भरती_ओहोटी, विजयदुर्गाचा अभिमान रास्त आहे, पण साल वेगळं आहे. आणि खरी हकिकत आपल्या या धाग्याच्या विषयाला जास्त जवळची आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकयर भारतात नव्हता, इंग्लंडमध्ये होता. गुंटूरला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. वर्णपटदर्शकातून ज्वालांच्या रेषा त्याला इतक्या तेजस्वी दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्याच्या मनाने घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने त्या पाहिल्या. लॉकयरने २० ऑक्टोबर १८६८ ला लंडनजवळून, स्वतंत्रपणे, तेच केलं. पिवळी रेषा कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याची नाही हे पुढे त्याने धरून ठेवलं आणि त्यातून हेलियम आला. म्हणजे ग्रहणाची वाट न बघता, एका अरुंद रेषेच्या प्रकाशात ज्वाला बघणं हे जे आपण एच-अल्फाने गच्चीवर करतो, त्याची सुरुवात या दोघांची.

लॉकयर विजयदुर्गावर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. मोठा लवाजमा घेऊन आला होता आणि त्या निरीक्षणांचे अहवालही छापले गेले. त्याच ग्रहणाला पुण्याचे प्रा. कावसजी दादाभाई नेगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ टाकून बसले होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडीही जेऊरलाच होती. नेगमवालांची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा पुण्यात सायन्स कॉलेजच्या आवारात होती, आजच्या सीओईपीत. ती १९१२ साली बंद झाली आणि तिथली २० इंची दुर्बीण कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत गेली. लॉकयरचं नाव सगळ्यांना माहीत आहे, नेगमवालांचं पुण्यातही फारसं कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

भरती_ओहोटी (देवगड)

हे माहीत नव्हतं. धन्यवाद! १८९८ असलं तरी ओटे आमचेच.

विदर्भवारा (नागपूर)

तेजोमेघ, तुमच्या मुख्य सल्ल्याशी मी सहमत नाही. पांढऱ्या प्रकाशात डाग नसतील त्या दिवशी नुसता गोळा दिसतो. नवा माणूस चार दिवस बघतो आणि दुर्बीण माळ्यावर टाकतो. एच-अल्फात एकही दिवस रिकामा जात नाही. मी थेट लंट कंपनीच्या ५० मिमीच्या एच-अल्फा दुर्बिणीपासून सुरुवात केली आणि आजही रोज सकाळी बाहेर काढतो. ज्वाला अर्ध्या तासात आकार बदलते ते डोळ्यांदेखत बघणं, याच्यासारखं काही नाही. आधी फिल्म, मग वेज, मग एच-अल्फा असं करत बसलं तर खर्च उलट वाढतो.

तेजोमेघ (पुणे)

खर्चाचा मुद्दा मान्य. पण सौरचक्राकडे बघा. सध्याचं २५ वं चक्र डिसेंबर २०१९ ला सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नासा-नोआने कमाल काळ आल्याचं जाहीर केलं. चक्र सरासरी ११ वर्षांचं. म्हणजे इथून पुढे डाग विरळ होत जाणार आणि दशकाच्या अखेरीस कोऱ्या बिंबाचे दिवस येणार. ज्वाला तेव्हाही असतील, एच-अल्फा तेव्हाही घेता येईल. डाग आहेत तोवर ते बघून घ्यावेत, असं माझं म्हणणं.

मे २०२४ मधला ३६६४ क्रमांकाचा डागसमूह आठवा. पृथ्वीच्या सुमारे १५ पट रुंद. ग्रहणाच्या चष्म्यातून, दुर्बिणीशिवाय, बिंबावर काळी रेघ दिसत होती. त्याच्याच स्फोटांमुळे १० आणि ११ मेच्या रात्री लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबडा ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. असा समूह डोळ्यांसमोर पूर्वेच्या कडेवरून आत येतो, दोन आठवड्यांत बिंब ओलांडून पलीकडे जातो. रोज एकाच मापाचा, एकाच दिशेने ठेवलेला फोटो घेतलात तर सूर्याचं फिरणं तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये जमा होतं. मला एका झगझगीत फोटोपेक्षा ही मालिका कितीतरी मोलाची वाटते.

विदर्भवारा (नागपूर)

चक्राचा मुद्दा पटला. तरी माझं मत कायम, ज्याला परवडतं त्याने दोन्ही एकदम घ्यावं. 🙂

कॅमेरावाली_मी (ठाणे)

माझ्याकडे ग्रहांसाठी घेतलेला रंगीत कॅमेरा आहे. एच-अल्फाला चालेल का? आणि फोकल लांबी किती हवी हे कसं ठरवायचं?

तेजोमेघ (पुणे)

ताई, चालेल, पण मन भरणार नाही. रंगीत सेन्सरमध्ये चारातला एकच पिक्सेल लाल असतो. एच-अल्फाचा प्रकाश निव्वळ लाल, त्यामुळे बाकीचे तीन जवळपास वाया जातात. मोनो (कृष्णधवल) कॅमेराच घ्या. फोटोंमधला तो केशरी-सोनेरी रंग नंतर चढवलेला असतो. मी स्वतः करड्या छटेतला फोटोही सोबत देतो, कारण बारकावे त्यातच खरे कळतात.

मापासाठी दोन सोपे हिशेब. पृथ्वीपासून सूर्याचं अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट आहे, म्हणून फोकल लांबीला १०८ ने भागलं की सेन्सरवर पडणाऱ्या सूर्यबिंबाचा व्यास मिळतो. ३५० मिमी फोकल लांबीच्या छोट्या लंटमध्ये बिंब सव्वातीन मिमीचं, ते एएसआय १७८ कॅमेऱ्याच्या ७.४ × ५ मिमी सेन्सरवर आरामात मावतं. आता ८० मिमी व्यासाच्या, ४८० मिमी फोकल लांबीच्या दुर्बिणीला डेस्टारचं क्वार्क (मागे बसवायचा एच-अल्फा फिल्टर) लावा. क्वार्कच्या पोटात ४.३ पटीचं बार्लो (फोकल लांबी वाढवणारं भिंग) असतं, म्हणजे फोकल लांबी झाली २००० च्या पुढे आणि बिंब १९ मिमीचं. ते या कॅमेऱ्यात एकदम मावणार नाही; तुकडे घेऊन जोडावे लागतील. एकेका ज्वालेच्या जवळ जायचं असेल तर क्वार्क उत्तम, अख्खं बिंब हवं असेल तर छोटी स्वतंत्र दुर्बीण.

दुसरा हिशेब: एच-अल्फासाठी पिक्सेलच्या मायक्रॉनला ३ ने गुणा, तेवढा एफ आकडा (फोकल लांबी भागिले दुर्बिणीचा व्यास) साधारण बरोबर बसतो. २.४ मायक्रॉनच्या १७८ ला एफ/७, ५.८६ मायक्रॉनच्या १७४ ला एफ/१८. त्याच्या फार पुढे गेलात तर चित्र नुसतं फुगतं, तपशील वाढत नाही.

एच-अल्फात न्यूटनची कडी दिसतील, फोटोभर समांतर पट्टे. फिल्टर खराब आहे असं समजून घाबरू नका. सेन्सर आणि त्याच्या काचेमधलं ते व्यतिकरण आहे. टिल्ट अ‍ॅडॅप्टरने कॅमेरा किंचित कलता केला की जातात. उरलंसुरलं फ्लॅटने, म्हणजे एकसारख्या उजेडाच्या कोऱ्या फोटोने, साफ होतं. फ्लॅटसाठी दुर्बिणीच्या तोंडावर साधी पांढरी, पातळ पॉलिथिनची पिशवी ताणून सूर्याकडेच रोखायचं. प्रकाश पसरतो, बिंब पुसलं जातं, धूळ आणि पट्टे तेवढे उरतात. पिशवी नेहमीच्या सूर्यफिल्टरच्या पुढे लावायची, त्याच्याऐवजी नाही.

दुर्बीणवाला (नाशिक)

प्रोसेसिंगचं मी थोडक्यात लिहितो. शार्पकॅप किंवा फायरकॅप्चरमध्ये एसईआर फाइल, एक्स्पोजर काही मिलिसेकंदांचं, हिस्टोग्राम ७०-८० टक्क्यांवर. एका व्हिडिओला मिनिटभर पुरे. जवळून घेत असाल तर त्याहून लांबवू नका, कारण सूर्यावरचे तपशीलच तेवढ्यात सरकतात. हजार-दोन हजार फ्रेम्समधल्या उत्तम १० टक्के ऑटोस्टॅकर्टमध्ये जोडायच्या, मग आयएमपीपीजीमध्ये धार काढायची. ज्वाला बिंबापेक्षा खूप मंद असतात, त्यांचा व्हिडिओ वेगळा, एक्स्पोजर वाढवून.

धार काढताना हात आवरा. बिंबावर किड्यांसारख्या वळवळत्या रेषा दिसायला लागल्या की त्या सूर्याच्या नाहीत, सॉफ्टवेअरच्या आहेत.

म्युनिकहून (जर्मनी)

खूप छान चर्चा. इथल्या हिवाळ्यात सूर्य क्वचितच भेटतो, म्हणून तुमच्या नोव्हेंबर-फेब्रुवारीचा हेवा वाटतो.

एटलॉन न घेताही एच-अल्फापर्यंत जाता येतं, त्याबद्दल लिहितो. ख्रिश्चन ब्यूल या फ्रेंच हौशी अभ्यासकाने सोलएक्स नावाच्या स्पेक्ट्रोहेलिओग्राफचे आराखडे खुले ठेवलेत. साचा थ्रीडी प्रिंटरवर निघतो. आत १० मायक्रॉनची फट, प्रकाशाचे रंग वेगळे करणारी, मिमीला २४०० रेघा असलेली जाळी, दोन भिंगं, मागे कॅमेरा. सूर्याचं बिंब फटीवर पडतं, फटीतून त्याची एक बारीक उभी चिरी आत जाते आणि तिचा वर्णपट कॅमेऱ्यावर उमटतो. मग बिंब फटीवरून सरकवत न्यायचं आणि व्हिडिओ घ्यायचा. स्क्रीनवर सूर्य दिसतच नाही; दिसते राखाडी पट्ट्यातली एक काळी, किंचित वाकलेली एच-अल्फा रेषा. डागावरून फट जाते तेव्हा तिथे आडवी काळी पट्टी पडते, आणि वायू वेगाने हलत असेल तिथे रेषा एका बाजूला दात काढल्यासारखी बाहेर येते. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधला त्या रेषेवरचा एक स्तंभ उचलतं, शेजारी शेजारी ठेवतं, आणि अख्खा सूर्य तयार होतो.

खरी गंमत पुढे आहे. त्याच व्हिडिओतून रेषेच्या थोडं डावीकडचं आणि थोडं उजवीकडचं चित्र काढलं की सूर्याची एक कड आपल्याकडे येतेय, दुसरी लांब जातेय, हे दिसतं. विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे २ किमी. जाळी फिरवून ३९३.४ नॅनोमीटरच्या कॅल्शियम-के रेषेवरही जाता येतं. तिथे डागांभोवतीचे उजळ प्रदेश झळकतात. त्या जांभळ्याच्या टोकाला डोळा नीट साथ देत नाही, त्यामुळे कॅल्शियम हे कॅमेऱ्याचंच काम.

मृगशीर्ष (पुणे)

@म्युनिकहून, हीच पद्धत कोडाईकनालला गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाली. तिथली कॅल्शियम-के चित्रांची मालिका शंभर वर्षांहून लांब आहे. तिथल्या एव्हरशेड या खगोलशास्त्रज्ञाने १९०९ साली डागाच्या झालरीतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे रेषांच्या सरकण्यावरूनच दाखवलं, तेही कोडाईकनालहूनच. ते आता घरच्या टेबलावर बसणाऱ्या उपकरणात करता येतं, हे वाचून अंगावर काटा आला.

आणि २०० ते ४०० नॅनोमीटरमधला सूर्य हवा असेल तर आदित्य-एल१ या भारतीय सौर यानावरची सूट दुर्बीण आहे, पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत घडलेली. त्या पट्ट्याचा बराचसा भाग आपलं वातावरण जमिनीपर्यंत येऊच देत नाही. आपण कॅल्शियमपाशी थांबतो, सूट तिथून पुढे जाते.

शाळेतली_बाई (सातारा)

मला फोटो काढायचे नाहीत, वर्गातल्या मुलांना डाग दाखवायचे आहेत. पन्नास मुलं, एक दुर्बीण. काय करू?

दुर्बीणवाला (नाशिक)

बाई, छोटी भिंगाची दुर्बीण असेल तर आयपीसमागे पांढरा कागद धरून प्रतिमा पाडा. आयपीस काचेचं हवं, प्लास्टिकचं वितळतं. आरशाच्या दुर्बिणीने हे करू नका. आणि आयपीसजवळ मोठं माणूस उभं असलंच पाहिजे, एकही मूल त्यात डोकावणार नाही एवढं बघायला.

याहून सुरक्षित म्हणजे आरसा. हातात मावणाऱ्या आरशावर काळा कागद चिकटवून मध्ये ५ मिमीचं भोक ठेवा. आरसा बाहेर उन्हात, कवडसा अंधाऱ्या वर्गातल्या भिंतीवर. वरचा १०८ चा हिशेब इथेही लागू: २० मीटरवर साडेअठरा सेंटिमीटरचं बिंब. डाग खूप मोठा असेल तरच यात दिसेल, पण ग्रहण फार सुंदर दिसतं आणि पन्नासच्या पन्नास मुलं एकदम बघतात. कुणी आरशात बघणार नाही एवढं मात्र सांभाळा.

भरती_ओहोटी (देवगड)

हवेबद्दल विचारायचं राहिलं. समुद्राकडची हवा चांगली की वाईट?

तेजोमेघ (पुणे)

पाण्यावरची हवा चांगलीच. जमीन तापते तसं पाणी तापत नाही. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे ती याचसाठी. तुमच्याकडे अडचण एवढीच की सकाळी सूर्य जमिनीच्या बाजूने येतो आणि समुद्राच्या बाजूला जाईपर्यंत दुपार टळते. दोन्ही वेळा करून बघा, दुपारनंतर वारा समुद्रावरून येत असताना काही क्षण फार छान मिळतात असं मालवणकडच्या एका मित्राचं म्हणणं आहे. पुण्यात मला ८ ते १० हीच वेळ मानवते. स्लॅबपेक्षा हिरवळ बरी, निदान स्लॅबवर आधी पाणी मारा. आणि खाऱ्या, दमट हवेत फिल्टरच्या लेपावर धुरकट थर येतो, तेव्हा डब्यात सिलिका जेल हवंच. पावसाळाभर ते अधूनमधून तापवून कोरडं करत राहा.

कॅमेरावाली_मी (ठाणे)

शेवटचा प्रश्न. २ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणाची तयारी आत्तापासून करायची म्हटलं तर काय घ्यावं?

मृगशीर्ष (पुणे)

महाराष्ट्रातून ते खंडग्रास आहे आणि ऑगस्ट म्हणजे ढगांचा भरवसा नाही. खग्रास हवं असेल तर स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्त. लक्झरच्या आसपास खग्रास अवस्था ६ मिनिटांच्या वर आहे. भारतातून पुढचं खग्रास २० मार्च २०३४ ला, काश्मीर-लडाखमध्ये.

यातल्या कशालाच एच-अल्फा लागत नाही. घनता ५ ची फिल्म आणि ४००-५०० मिमीची लेन्स पुरते. खंडग्रास अवस्थेत फिल्म सतत वर हवी, ९९ टक्के झाकलेल्या सूर्यालाही. खग्रास सुरू झाली की ती काढायची आणि हिऱ्याची अंगठी (कडेवर चमकणारा सूर्याचा ठिपका) पुन्हा दिसायला लागायच्या आत परत बसवायची. म्हणून टोपी वाऱ्याने उडणार नाही इतकी घट्ट आणि तरी कॅमेरा न हलता एका हाताने निघेल इतकी सैल करावी लागते. ग्रहणाच्या जागी चिकटपट्टी वापरू नका, आतून मखमलीची पट्टी लावा. आणि फिल्म आत्ताच मागवा; ग्रहण तोंडावर आलं की ती कुठेच मिळत नाही.